पेट्रोल कॉक

यंत्र कधीही खोटं बोलत नाही. माणसं बोलतात, आकडे बोलतात, आरसेसुद्धा सोयीप्रमाणे बोलतात. यंत्र मात्र आपलं दुखणं जिथे असेल तिथेच दाखवतं. हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा माझ्यासमोर आमचा मिक्सर उघडा पडला होता. बायकोने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि नवा मिक्सर आणला.

तरीही दादाची मोटारसायकल बंद पडू लागली तेव्हा वहिनींनी मलाच बोलावलं, कारण मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. पदार्थविज्ञानवाल्याला फ्यूजपासून भूकंपापर्यंत सगळं दुरुस्त करता येतं असा आमच्या घरात समज आहे, आणि तो खोडून काढायचं मला कधी सुचलेलं नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. गेल्या वर्षी गेला; झोपेत, स्वतःच्या गादीवर, कुणाला न उठवता. गाडीचा त्यात काही संबंध नाही हे आधीच सांगून टाकतो, कारण अशा हकिगतीत लोक लगेच अपघात शोधायला लागतात. त्या दिवशी गाडी अंगणात स्टँडवर उभी होती. आता ती माझी पुतणी चालवते. तिला हमरस्त्यापलीकडच्या औषधांच्या दुकानात नोकरी लागली आहे, तिकडे बस जात नाही, आणि त्या नोकरीवर सध्या मायलेकींचं घर उभं आहे. गाडी बसली तर नोकरी बसली.

तक्रार तशी साधी होती. पळताना गाडी ठणठणीत. वेग कमी करून न्यूट्रलला उभी केली की कधी हवा तितका वेळ गुरगुरत राहायची, कधी मध्येच मान टाकायची. रोज नाही. गॅरेजात तर कधीच नाही. तिथे ती नव्या जावयासारखी वागायची.

गॅरेजवाल्याला सगळे डॉक्टर म्हणतात. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो ऐकतो म्हणून. आणि निदान चुकलं तरी ते पेशंटचं चुकलं असं मानतो, म्हणूनही. त्याने आधी कार्बोरेटरचा जेट साफ केला. मग प्लग बदलला. मग कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधलं रबर चिरलंय का ते पाहिलं, टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बुजलंय का ते पाहिलं. दर वेळी तो "आता बघा" म्हणाला. आम्ही बघत राहिलो. काही दिवस बरे जायचे, की गाडी पुन्हा घराच्या फाटकापाशी गप्प.

खरं निदान वहिनींनी केलं, तेही भाजी निवडता निवडता. बंद पडताना आवाज नेमका कसा होतो, असं मी पुतणीला विचारत होतो. ती म्हणाली, काका, बंद पडते म्हणजे बंद पडते, त्यात आवाज कसला? वहिनींनी मान वर न करता सांगितलं, "आधी जरा उंच चढतो. मग पडतो. पूर्वी यायचा तसाच."

ठिणगी गेली तर इंजिन एकदम मुकं होतं. मरण्याआधी क्षणभर चढतं ते पेट्रोल संपत आलं की. मी अंगणात जाऊन वाकलो. टाकीखाली, डाव्या गुडघ्याशी असतो तो पेट्रोल कॉक, म्हणजे टाकीची तोटी, बंद होता.

पूर्वी म्हणजे काय, तेही मग आठवलं. दादाची एक खोड होती. घरी येताना गल्लीच्या कोपऱ्यावर तो चालत्या गाडीवरच डावा हात खाली घालून कॉक बंद करायचा आणि कार्बोरेटरात उरलेल्या पेट्रोलवर घर गाठायचा. फाटकापाशी गाडी आपोआप थांबायची, किल्लीला हात लावावा लागत नसे. कार्बोरेटर कोरडा ठेवला की सकाळी गाडी रुसत नाही, असं तो सांगे. खरं म्हणजे अंदाज बरोबर आल्याचं सुख मोठं होतं. गाडी फाटकाच्या अलीकडे थांबली तर तो जेवताना कुणाशी बोलत नसे. वहिनी त्या चढलेल्या आवाजावर चहाचं आधण ठेवायच्या.

कॉक तू बंद करतेस का, असं मी पुतणीला विचारलं. कॉक कुठे असतो हेच तिला आत्ता कळत होतं. सकाळी तर गाडी पहिल्या किकला सुरू होते, असं ती म्हणाली.

जुना आहे, ढिला पडला असेल, हादऱ्याने फिरत असेल, असं मी म्हणालो आणि मला स्वतःचं म्हणणं आवडलं. डॉक्टरने नवा कॉक बसवला. तो इतका घट्ट होता की फिरवताना माझा अंगठा दुखून आला. त्याच आठवड्यात तोही बंद सापडला. मग मी त्याची दांडी तारेने बांधून टाकली, उघडी असताना, आणि पिळे पक्कडीने आवळले.

रविवारी दुपारी आम्ही गाडी अंगणात चालू करून ठेवली. डॉक्टर पायरीवर, मी स्टुलावर, वहिनी दारात खुर्ची टाकून बटण शिवत बसलेल्या. सायलेन्सरवरची हवा थरथरत होती. मागचा मडगार्ड एका लयीत टिकटिकत होता. मी कॉकवरून नजर काढली नाही. डोळ्यांत पाणी आलं तरी काढली नाही.

वहिनींनी सुई कापडात टोचून ठेवली. उठल्या, साडीचा पुढचा भाग हाताने सारखा केला आणि आत गेल्या.

मी तिकडे पाहिलं. तेवढंच. माझ्या पाठीमागे इंजिनाचा आवाज चढला आणि पडला.

कॉक बंद होता. तार तुटली नव्हती. पिळे उलगडलेले होते, आणि तारेचं बोटभर रुंद कडं करून ते फूटरेस्टवर ठेवलेलं होतं. दादाला तार फेकवत नसे. तो ती बोटाभोवती गुंडाळून ठेवायचा.

डॉक्टरने कडं उचललं, पुन्हा जागेवर ठेवलं. तुम्ही सोडवली का, असं त्याने विचारलं. मी नाही म्हणालो. "मग मी सोडवली असेन," तो म्हणाला, आणि बराच वेळ साबणाने हात धूत राहिला. आतून गॅस पेटल्याचा आवाज आला.

हे इतक्यावरच राहिलं असतं तर मी गाडी तशीच राहू दिली असती. घरी पोचून बंद पडणाऱ्या गाडीने कुणाचं काय बिघडतं? पण पुतणी मला फाटकापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली की गाडी आता फाटकापाशी पडत नाही. आधी गल्लीच्या कोपऱ्यावर पडायला लागली, मग शाळेपाशी. कामावर जाताना कधीच नाही. फक्त घरी येताना, आणि दर वेळी आणखी आधी.

"परवा हमरस्त्याच्या चौकात पडली, काका. मी मधोमध होते. आईला सांगू नका."

मी तिच्या आईला सांगितलं. कॉक काढून टाकायचा आणि टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सरळ पाईप जोडायचा, एवढाच उपाय होता, आणि वहिनी त्याला तयार नव्हत्या. कॉकला हात लावू नका भावोजी, हे त्यांनी तीन निरनिराळ्या प्रकारे सांगून पाहिलं होतं. चौकाचं ऐकल्यावर त्यांनी एवढंच विचारलं,

"समोरून काय येत होतं?"

"ट्रक."

"काढा," त्या म्हणाल्या.

डॉक्टरने कॉक काढला. त्या जागी फूटभर पारदर्शक पाईप आला. बंद करण्यासारखं आता तिथे काही उरलं नव्हतं. गाडी पुन्हा अंगणात चालू ठेवली; तीच खुर्ची, तेच स्टूल. ऊन पायरीवरून उतरून भिंतीशी गेलं. इंजिन चालत राहिलं.

मग वहिनी उठल्या. साडी सारखी केली.

आवाज चढला.

पडला नाही. खाली आला, पुन्हा चढला. पुन्हा खाली आला. पाईपमधून पेट्रोल स्वच्छ वाहताना दिसत होतं. पाईप मात्र चिमटीत धरल्यासारखा मध्येच चेपत होता, सुटत होता, पुन्हा थोडा खाली चेपत होता.

डॉक्टर फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला.

शेवटी मी किल्ली फिरवली. इंजिन एकदम मुकं झालं.

वहिनी आत गेल्या नाहीत. दारातच उभ्या होत्या, गाडीच्या सीटकडे बघत.

"मग आता ते उतरणार कुठे, भावोजी?"

मी हात धुवायला गेलो.

त्यानंतर गाडी एकदाही बंद पडलेली नाही. फाटकापाशी नाही, चौकातही नाही. पुतणीची नोकरी कायम झाली. तिची आता एकच तक्रार आहे, गाडी चढावर ओढत नाही आणि पेट्रोल जास्त खाते. डॉक्टरने क्लच पाहिला, ब्रेक घासतोय का ते पाहिलं. मग मागचा टायर अंगठ्याने दाबून त्याने विचारलं, मागे कोण बसतं? कुणी नाही, ती म्हणाली. त्याने मान हलवली आणि मागच्या टायरमध्ये डबलसीटची हवा भरून दिली.

आता गाडी व्यवस्थित चालते.