दोन तोंडांचं सभागृह

“ताई, ते बघ! सभागृहानं कपडे बदलले!”

अंगद होडीत ताडकन उभा राहिला. होडी डचमळली आणि सोमनाथमामा खेकसला, “बस बे खाली! समद्यांना बुडवतूस का?”

सुकन्यानं धाकट्या भावाचा सदरा धरून त्याला खाली ओढलं आणि स्वतःच मान उंच करून पाहिलं. थोरल्या बेटाच्या टेकाडावरचं सांस्कृतिक सभागृह ती रोज शाळेला येता-जाता पाहायची. गुलाबी, जत्रेतल्या बुढ्ढी के बालासारखं! पण आज मामानं होडी नेहमीच्या पूर्वेच्या घाटाऐवजी मागून, पश्चिमेकडून आणली होती. आणि या बाजूनं ते सभागृह चक्क पोपटी होतं!

“मामा, आज मागून कावून आणलंस?”

“अमरसिंह कंत्राटदारानं सांगितलंय. उद्या जिल्ह्याचे साहेब येणार तपासणीला. आधी त्यांना पुढच्या घाटावर उतरवायचं. मंग परत होडीत बसवून तासभर धरणात गरागरा फिरवायचं, अन् मागच्या घाटावर आणून सोडायचं.”

“तासभर? टेकाड चढून पलीकडं उतरलं की मागचा घाट!”

“डिझेल त्याचं, साहेब त्याचा. मला काय करायचंय?” मामानं खांदे उडवले. मोठ्या माणसांचं हे एक बरं असतं. ‘मला काय करायचंय’ म्हटलं की डोकं चालवायची कटकट नाही!

धरण भरलं की इथल्या दोन टेकड्यांची बेटं होतात. थोरल्या बेटावर शाळा, दुकानं आणि शेतकऱ्यांची घरं. धाकट्या बेटावर सुकन्याची मेंढपाळांची वस्ती. सरकारनं दोन्ही बेटांना एकेक सांस्कृतिक सभागृह मंजूर केलं, पैसेही दिले. थोरल्या बेटावरचं उभं राहिलं. धाकट्या बेटावर मात्र नुसत्या थोड्या विटा येऊन पडल्या, आणि त्या विटांवर बसून सरपंच मल्लिकार्जुन आप्पा म्हणाले, “येतंय, येतंय!” त्यालाही आता दोन दिवाळ्या झाल्या होत्या.

या ‘येतंय’पायी सुकन्याचा ढोल अडकून पडला होता. वस्तीतल्या पोरींना घेऊन तिनं ढोलाचं पथक काढलं होतं. तिचा हात असा चालायचा की ऐकणाऱ्याचे पाय आपोआप हलायचे! पण आजोबांनी, म्हणजे धुळाजींनी, ढोल उचलून आढ्याला टांगला. “गाभण मेंढ्या बुजतेत पोरी. सभागृह झालं की चार भिंतींच्या आत काय वाजवायचं ते वाजव. तवर न्हाई!” आजोबांचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून तर तिला जास्तच रडू यायचं.

घाटावर संगमेश आणि कावेरी उभे होते. थोरल्या बेटावरच्या किराणा दुकानदाराची ही मुलं, आणि सुकन्याची शाळेतली जिवलग दोस्तमंडळी. आज चौघांचा बेत सीताफळं पाडायचा होता. तो तिथंच राहिला.

“चला वर! कायतरी घोळ हाय!” सुकन्या म्हणाली आणि चौघं टेकाडावर धावत सुटली.

सभागृहाला मागच्या अंगानं नवं दार बसवलं होतं, नवी पायरी होती आणि पोपटी रंग अजून ओला होता. ओसरीत गोणपाटात गुंडाळलेला एक फलक उभा होता. संगमेशनं गोणपाट बाजूला सारलं.

“‘सांस्कृतिक सभागृह, धाकटं बेट’,” कावेरीनं मोठ्यानं वाचलं.

 मग अंगद म्हणाला, “म्हंजी आपलं सभागृह झालं?”

“झालं की!” सुकन्यानं रागानं फलकावर थाप मारली. “ह्याच सभागृहाची पाठ, तेच आपलं सभागृह! साहेबाला पुढून दाखवायचं थोरलं अन् मागून दाखवायचं धाकटं! त्यानं एकदा सही केली की संपलं. एका वस्तीला एकदाच मिळतं सभागृह. मंग माझा ढोल जन्मभर आढ्याला!”

“पण साहेबाला कळंल की!” अंगद म्हणाला.

“कशानं? जिल्ह्याचा माणूस. त्याला चहूकडं पाणीच दिसणार.”

“मंग आपण सांगू!”

“सांग ना!” कावेरी फणकारली. “आप्पा म्हणतील, पोरं खोटं बोलतेत. साहेब कुणाचं ऐकतील? सरपंचाचं का शेंबड्या अंगदचं?”

“ए! मी शेंबडा न्हाई!” अंगदनं बाहीनं नाक पुसत सांगितलं.

चौघं आत शिरली. आत एकच लांबलचक खोली होती, एका टोकाला मंच आणि मंचामागं पांढरी भिंत. कावेरी त्या भिंतीला टेकली आणि तिची पाठ पांढरीफेक झाली.

“अय्या! हा तर चुना! तोही ओला! अमरसिंह तर सगळ्यांना सांगत होता, आतून ऑइलपेंट मारलाय!”

“ऑइलपेंट त्याच्या बंगल्याला लागला असंल,” संगमेश म्हणाला.

सुकन्या मात्र भिंतीकडं टक लावून पाहत होती. मग ती हळूच हसली. “कावेरी, हळदीला चुना लागला की काय होतं?”

“कुंकू!” कावेरी म्हणाली, आणि तिचे डोळे हे एवढे मोठे झाले.

चार डोकी एकत्र आली. कुजबुज झाली. अंगद तर हसू दाबता दाबता गडाबडा लोळायचाच बाकी होता. इतक्यात बाहेरून आवाज आला.

“ए कार्ट्यांनो! काय चाललंय तिथं?”

दारात अमरसिंह कंत्राटदार उभा होता. सावलीतसुद्धा डोळ्यांवर गॉगल! त्याच्या मागं आप्पा. आपण सरपंच आहोत याची आप्पांना अमरसिंहच अधूनमधून आठवण करून द्यायचा, तीही सहीपुरती.

“आप्पा, उद्या साहेबांना ओवाळायला कोण हाय?” सुकन्यानं अगदी भोळा चेहरा करून विचारलं.

दोघे एकमेकांकडं बघायला लागले. एवढं मोठं कारस्थान रचलं, आणि ओवाळायला कोण हे ठरवलंच नव्हतं! हुशारी हुशारी म्हणतात ती हीच.

“तुमीच या की,” अमरसिंह म्हणाला. “नवे कपडे घालून या. आन् फक्त पुढच्या बाजूला बरं का! मागं फिरकायचं न्हाई!” ही पोरगी धाकट्या बेटावरची आहे हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. पोराटोरांच्या तोंडाकडं बघायची त्याला कधी सवयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा मेंढ्यांकडं गेल्यावर सुकन्यानं ढोल उतरवला आणि घोंगडीत गुंडाळला.  आजोबांना कळलं तर? पण आज गप्प बसलं तर सगळंच संपणार होतं.

“घोंगडीत काय हाय गं?” होडीत सोमनाथमामानं विचारलं.

“तू म्हण की मामा, ‘मला काय करायचंय!’”

मामा ओशाळला आणि गुमान होडी हाकायला लागला.

दुपार व्हायच्या आत साहेब आले. गोल पोट, घामाघूम चेहरा आणि उजव्या हातात तीन जाडजूड अंगठ्या. “एक साडेसातीची, एक बढतीची अन् एक घरच्या शांततेची,” संगमेश पुटपुटला. सोबत फोटो काढायला आणलेला एक तरुण होता. घाटावर उतरल्या उतरल्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, तो चहाचा. मग गुलाबी भिंतीकडं एकदा पाहिलं, बसथांब्याकडं बघावं तसं, आणि म्हणाले, “उत्तम! उत्तम! चला पुढच्या बेटावर!”

सुकन्या ताट घेऊन पुढं झाली. तिनं ओवाळलं आणि ती म्हणाली, “साहेब, आमच्याकडं नव्या वास्तूच्या भिंतीवर मोठ्या माणसाचा भंडाऱ्याचा, म्हंजी हळदीचा, हात लावतेत. तुमच्याएवढं मोठं कोण हाय इथं?”

“वेळ न्हाई, वेळ न्हाई!” अमरसिंह मध्ये पडला.

“फोटो मात्र झकास येईल,” फोटोवाला म्हणाला.

‘फोटो’ म्हटल्यावर साहेबांना वेळच वेळ झाला! ते आत गेले, ओल्या हळदीच्या ताटात हात बुडवला आणि मंचामागच्या भिंतीवर ऐटीत ठेवला. पिवळाधमक हात उमटला, बोटांवर तीन अंगठ्यांच्या तीन कोऱ्या पट्ट्यांसकट. फोटो निघाला. साहेबांनी घाटावर हात धुतले आणि सगळी वरात होडीत बसली. जाता जाता अमरसिंह आप्पांच्या कानाला लागला, “तो हात पुसून काढा!”

पोरं खिडकीखाली लपली होती. आप्पांनी उपरणं ओलं केलं आणि भिंत घासली. पिवळा हात नारिंगी झाला. आणखी घासली. लालबुंद झाला! जितकं पाणी लागेल तितकी हळद त्या चुन्यात रंगत गेली. हाताभोवती लाल ओघळ आले, उपरणं लाल झालं, आप्पांची बोटंही लाल झाली. पण तीन पट्ट्यांचा तो हात भिंतीवर ठसठशीत तसाच!

“मरू दे! साहेब थोडाच आत येतोय!” आप्पा करवादले. त्यांनी मागच्या दाराला आतून कडी घातली, पुढच्या दारानं बाहेर पडले आणि फलक टांगायला वळसा घालून धावले. त्यांची पाठ वळताच पोरं पुढच्या दारातून आत शिरली. ढोल मंचावर चढला.

मागच्या दाराच्या फटीतून सुकन्यानं पाहिलं, आणि ती झटकन मागं सरली. ओसरीत फेटे बांधून धाकट्या बेटावरची म्हातारी माणसं बसली होती, आणि सगळ्यांत पुढं आजोबा! साहेब तुमची मागणी ऐकायला येणार आहेत, नुसत्या माना डोलवा, असं सांगून अमरसिंहनं त्यांना आणवलं होतं. फोटोत गावकरी नकोत का?

बऱ्याच वेळानं होडी मागच्या घाटाला लागली. साहेब झोपेतून उठल्यासारखे डोळे चोळत वर आले. कारण ते झोपेतूनच उठले होते.

“वा! ते गुलाबी होतं, हे पोपटी. आवडलं आपल्याला!” साहेब म्हणाले. “दोन्ही बेटं अगदी सारखी दिसतात हो!”

“धरण एकच ना साहेब!” अमरसिंह म्हणाला.

“हो हो, बरोबर! आणा तो काम पूर्ण झाल्याचा दाखला.”

एवढी बुद्धी घेऊन हा माणूस जिल्ह्याची सभागृहं तपासत होता! त्यानं खिशातून पेन काढलं. सुकन्याचा हात ढोलावर नुसताच थांबला होता. दारापलीकडं आजोबा. तिनं डोळे गच्च मिटले आणि ढोलावर टिपरू हाणलं.

धडाड्! धिन्ना धडाड्!

सभागृह घुमलं. ओसरीतले म्हातारे दचकून उठले. “अरे वा! कार्यक्रमसुद्धा ठेवलाय?” साहेब खूश झाले. अंगदनं कडी ओढली, दार सताड उघडलं, आणि साहेब हसतमुखानं आत आले. अमरसिंह मागून “साहेब, साहेब!” करत धावला, पण उशीर झाला होता.

साहेब मंचापाशी येऊन थबकले. “तू... मघाशी तिकडच्या बेटावर तूच ओवाळलंस ना? इथं कशी आलीस? होडी तर एकच आहे!”

“मी कुठं गेलतेच न्हाई साहेब,” सुकन्या म्हणाली. “तुमीच फिरून आलात!”

साहेबांनी वर पाहिलं. भिंतीवर लाल हात. तीन बोटांवर तीन कोऱ्या पट्ट्या. त्यांनी हळूच आपला पिवळट पंजा त्यावर ठेवून पाहिला. तंतोतंत बसला! पुढच्या उघड्या दारातून त्यांना खाली तोच घाट दिसला, आणि घाटावर त्यांनीच पिऊन टाकलेला चहाचा कागदी कप.

चांगला माणूस असता तर आधी संतापला असता. या माणसानं आधी इकडंतिकडं पाहिलं, कुणी बघतंय का म्हणून. “हे... हे आधी पुसून टाका,” तो हळू आवाजात म्हणाला.

“निघत न्हाई साहेब,” कावेरी म्हणाली. “आप्पांनी घासून बघितलंय!”

“आणि फोटोपण निघालेत,” संगमेश म्हणाला. फोटोवाल्यानं कॅमेरा छातीशी धरला आणि मान डोलावली.

आता म्हातारी माणसंही आत आली होती. धुळाजींनी बाहेरचा फलक पाहिला होता, आतला हात पाहिला होता. ते साहेबांच्या समोर जाऊन उभे राहिले. “साहेब, आमच्या सभागृहाचा पैसा खाल्ला, वर आमालाच माना डोलवायला आणलं. आता तुमीच बोला!”

साहेब बोलले. घाबरलेला माणूस फार मोठ्यानं बोलतो! “फसवणूक! सरकारची फसवणूक! चौकशी लावतो!” अमरसिंहनं आप्पांकडं बोट दाखवलं, आप्पांनी अमरसिंहकडं. आप्पांचं बोट लाल होतं. गॉगल कधी खाली पडला, अमरसिंहला कळलंही नाही. साहेबांनी दाखल्यावर सगळ्यांदेखत आडवी रेघ मारली आणि लिहून दिलं, की धाकट्या बेटावर सभागृह झालेलंच नाही, ते अमरसिंहनं स्वतःच्या खर्चानं बांधून द्यावं, तोवर त्याला दुसरं कुठलं काम देऊ नये. साहेबांचा प्रामाणिकपणा होता भीतीपोटीचा, पण सही पक्की होती!

होडी साहेबांना घेऊन गेली. कावेरीची आई जगदेवी साहेबांसाठी आणलेले पेढे घेऊन आली आणि तिनं ते चौघांच्या तोंडात कोंबले. “लई गुणाची लेकरं! आमी मोठी माणसं रोज ह्या भिंतीवरून गेलो, पण एकाला दिसलं न्हाई!” मामानं अंगदला खांद्यावर घेतलं. म्हातारी माणसं संगमेशची पाठ थोपटत होती.

सुकन्याला पेढा गिळवेना. आजोबा मंचासमोर उभे होते आणि ढोलाकडं पाहत होते.

“हा आढ्यावरून कुणी काढला?”



“मी,” सुकन्या म्हणाली. “न विचारता. पण सही झाली असती ना आजोबा, तर...”  इतका वेळ दाबलेलं रडू बाहेर आलं.

आजोबांनी फेट्याच्या सोग्यानं तिचे डोळे पुसले. “अगं येडे, मघाशी वाजवलंस ते ऐकलं मी. आमच्या गड्यांच्यात असा हात एकाचा न्हाई. आपलं होईस्तोवर रोज इथं येऊन वाजवायचं. काय जगदेवीबाई?”

“इचारता काय! सभागृह काय कुलपात ठेवायला बांधलंय?”

“मंग बघती काय पोरी? वाजव!”

सुकन्यानं टिपरू उचललं. ढोल घुमला. आणि धुळाजींनी धोतराचा काचा मारला, कमरेवर हात ठेवला आणि म्हाताऱ्या सोबत्यांना हाक देऊन नातीच्या ढोलावर फेर धरला.