रिकामं कोंदण

दक्षिणेचा वारा सुटला त्या वर्षी आमच्या लामू बेटाच्या किनाऱ्यावर इतक्या तुटक्या चपला वाहून आल्या, की खेकड्यांनी शंख सोडून त्यांतच संसार थाटले. हसू नका. एक खेकडा दुसऱ्या पायाची चप्पल शोधत मशिदीच्या पायरीपर्यंत आला होता.

त्याच कचऱ्यात एका निळ्या तुकड्यावर दोन हात एकदम पडले. एक शेकुवेचा – जुन्या चिनी ताटल्यांचे तुकडे चांदीत जडवणारा सोनार. दुसरा तीमाचा – कोंबो कोळ्याची मुलगी.

“सोड. जुनी ताटली आहे ही.”

“बादली आहे. आमचीच, परवा फुटलेली.”

त्यानं चावून पाहिलं. बादलीच!

“चव कशी आहे, सोनारबुवा?”

“खारट... पण रंग झकास.” बघत मात्र तिच्याकडे होता.

मग रोज ओहोटी लागली की दोघं तिथंच. ती वेचायची, तो जडवायचा. बोलायचं तेवढं... राहून जायचं.

इकडे कोंबोच्या जाळ्यात मासळीऐवजी प्लास्टिकच्या पिशव्या येऊ लागल्या. त्यानं होडी विकली, बिऱ्हाड मोंबासाला न्यायचं ठरवलं.

“शुक्रवारी जातेय मी,” तीमा म्हणाली. “काही बोलायचंय?”

“तुला... अंगठी करतो.”

“मी विचारलं काय, तू सांगतोस काय!”

त्यानं तो निळा तुकडाच जडवला. अंगठी तिच्या बोटाला सैल झाली. ती लहान करताना, जन्माच्या सवयीनं, त्यानं तुकड्यासकट आगीवर धरून झाळ दिली. चिनी मातीनं आग सोसली असती. बादली कुठली सोसतेय? काळं पाणी होऊन ओघळली.

शुक्रवारी धक्क्यावर तो आला तो रिकामं कोंदण घेऊन. मोंबासाला जाणारी बोट माझी. मी इंजिन मुद्दाम दोनदा बंद पाडलं.

“आग जरा... जास्त झाली,” अंगठी तिच्या हातात देत तो म्हणाला.

“आणि?”

“आणि... चांदी अस्सल आहे.”

“काका, काढा बोट!” कोंबो वैतागला. “नाहीतर हा चांदीचा भावही सांगत बसेल.”

इंजिन धडधडलं, आणि मग कुठं ते येडं ओरडलं. अख्ख्या धक्क्यानं ऐकलं, गाढवांनीसुद्धा माना वळवल्या. बोटीत मात्र शब्द पोचला नाही. मी उभा जन्म इंजिनापाशी काढलेला; ओठांवरून ओळखतो.

“काय म्हणाला, आजोबा?” तीमानं माझ्या कानाशी येऊन विचारलं.

“जाऊ नकोस, म्हणाला. माझ्याशी लग्न कर, म्हणाला.”

बोटीच्या कडेनं पिशव्या तरंगत मागं जात होत्या. मग तिनं ते रिकामं कोंदण बोटात सरकवलं.

“परत गेलात की सांगा त्याला,” ती म्हणाली, “सोनार मोंबासातही लागतात.”

आणि बापाकडे पाठ करून तिनं ओढणी डोळ्यांवर घेतली. वारं होतं, डोळ्यांत खारं पाणी उडतंच.