रंगूबाईचं दार

संचिताची पार्किंगची जागा कधी वाळायची नाही. भर एप्रिलात, घोडबंदर रोडचं डांबर चपलेला चिकटायचं तेव्हासुद्धा खांबाजवळची तेवढी फरशी ओली. सोसायटीने दोनदा वॉटरप्रूफिंग केलं. प्लंबर आला, वरच्या मजल्यांच्या नळांना नावं ठेवून गेला. चेअरमन महेंद्र साळवी म्हणाले, "मॅडम, बाळकुमात राहतो आपण. खाडी जवळ आहे, ओल येणारच."

"मग शेजारच्या जागेला का येत नाही?" संचिताने विचारलं. साळवींना नेमका तेव्हाच फोन आला.

संचिता औषधांच्या कंपनीत नमुने तपासायची. कुठलीही गोष्ट बाटलीत भरून तिची चौकशी केल्याशिवाय तिला चैन पडत नसे. एक दिवस तिने ते पाणी टिपून नेलं आणि तपासलं. खाडीचं असतं तर खारट निघालं असतं, नळाचं असतं तर क्लोरीन सापडलं असतं. निघालं साधं, गोडं, विहिरीचं पाणी. आणि आवारातल्या विहिरी तर टॉवर उभे राहतानाच बुजवल्या होत्या. संचिताला याची भीती वाटली नाही, उलट गंमतच वाटली. या जमिनीला आपल्याआधीचं काहीतरी आठवतंय, असं तिच्या मनात येऊन गेलं आणि मग स्वतःचंच हसू आलं.

तिला खुपत होतं ते वेगळंच. ती वाईजवळच्या गावात, वीस माणसांच्या पंगतीत वाढलेली. इथे संदेश, तिचा नवरा, रोज माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला, आणि तिसरीतली दक्षता ताट घेऊन टीव्हीसमोर एकटी. "आई, आपल्याकडे कुणी येत का नाही गं?" असं पोरीने विचारलं की संचिता तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढायची. घर झालं होतं, पण गाव काही मिळालं नव्हतं.

गाव होतं तसं, कंपाउंडच्या भिंतीपलीकडेच. चैत्रात गावदेवीची पालखी निघायची आणि थेट सोसायटीच्या गेटातून आत यायची. टॉवर उभे राहिले म्हणून देवीने वाट बदलली नव्हती. पूर्वी जिथे जिथे घरांची दारं होती, तिथे तिथे पालखी टेकायची. कुणाचं दार आता जनरेटरपाशी, कुणाचं कचऱ्याच्या डब्यांशी. त्या त्या घरची बाई गावठाणातून येऊन तिथे तांब्या घेऊन उभी राहायची, पालखी वाहणाऱ्यांचे पाय धुवायची, ओवाळायची. दारच्या बाईने पाय धुतल्याशिवाय पालखी उठवायची नाही, असा रिवाज.

दोन वर्षं संचिताने हे गॅलरीतून पाहिलं. यंदा तिने ठरवलं, नुसतं बघत बसायचं नाही. सकाळीच गाडी बाहेर काढली. तिच्या माहेरी पालखीच्या वाटेवर रांगोळी घालत, तशी आपल्या जागेत घालावी, एवढंच तिच्या मनात होतं. नवल म्हणजे त्या दिवशी फरशी खडखडीत कोरडी होती. तिने ऐसपैस रांगोळी काढली, चारी कोपऱ्यांना हळदकुंकू वाहिलं आणि दक्षताला शेजारी उभं केलं.

दिवस कलताना ताशा वाजत पालखी आत आली. दक्षता थोडा वेळ नाचली आणि उकाड्याला कंटाळून किल्ली घेऊन वर गेली. पालखीला खांदा यंदा नव्या पोरांचा होता. त्यांना रांगोळी दिसली. रांगोळी म्हणजे बोलावणं. चिराग, सगळ्यांत पुढचा, वळला आणि पालखी बरोब्बर मधोमध टेकली.

"तिथं नाय! तिथं नाय टेकवाची रं!"

मागून गोदूबाई धावत आल्या. गावातल्या सगळ्यांत जुन्या बाई. धावणं त्यांना झेपत नव्हतं.

ताशा थांबला.

"उचल, उचल," कुणीतरी म्हणालं. पोरांनी खांदे लावले. दांडा करकरला, पण पालखी हलली नाही. आणखी चौघे पुढे झाले. चिरागच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. "साला, मघाशी तर फुलासारखी होती," तो म्हणाला. हसलं मात्र कुणी नाही.

"कुणाचं दार आहे हे, आजी?" संचिताने विचारलं.

"रंगूबायचं. दारातच हीर होती तिची." गोदूबाई फरशीकडे बघत नव्हत्या. "साथीच्या सालाला पालखी हितं थांबली न तिनी दार उघडलं नाय. घरात पोरां तापानं फणफणलेली. गावाला राग आला. तवापासून या दारी पालखी थांबवत नाय आमी."

"मग पुढे काय झालं?"

"पुढं काय होनार, बाय? दार आतूनच बंद रायलं."

संचिता रांगोळीपासून जराशी मागे सरली. पण कुतूहल भीतीच्या पुढे एक पाऊल होतंच. "आता पालखी कशी उठायची?"

"दारच्या बाईनी पाय धुवाला पायजेत. ती कुटून आनाची?" गोदूबाईंनी तिचा हात धरला. "तू पानी घालशील तं उठंल. पन मंग तू त्या घरची. इचार कर."

पोरं घामाघूम झाली होती. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. इतकी माणसं आपल्याकडे आशेने बघताहेत, असं या शहरात तिला पहिल्यांदाच वाटलं.

"द्या तांब्या," ती म्हणाली.

तिने पाय धुतले, एकेकाचे, नीट वाकून. पाणी फरशीवर पसरलंच नाही. सारवलेल्या जमिनीत जिरावं तसं जिरत गेलं.

पालखी उठली. ताशा कडाडला. गोदूबाई मात्र हात जोडून तिथेच उभ्या राहिल्या, पालखीकडे पाठ करून, संचितासमोर.

ती वर आली तेव्हा फ्लॅटचं दार सताड उघडं होतं.

टीव्ही बंद होता. हॉलमध्ये जमिनीवर ताटं मांडलेली होती, भिंतीच्या कडेने, ओळीने. घरात होती नव्हती तेवढी सगळी. एका टोकाला दक्षता मांडी घालून बसली होती.

"बाबा आले?"

"नाही. माजिवड्याला अडकलेत."

"मग एवढी ताटं कुणाला?"

"त्यांना केव्हाची भूक लागलीये, आई." दक्षताने आवाज हळू केला. "ताप होता ना सगळ्यांना. आत्ता उतरलाय."

संचिताने दार लावायला हात पुढे केला. कडीपर्यंत नेला आणि तसाच मागे घेतला.

"दक्षू," तिने कसंबसं विचारलं, "त्यांची आई कुठेय?"

दक्षताने रिकाम्या ताटांवरून नजर फिरवली आणि मग तिच्याकडे पाहिलं.

"वाढ ना गं," ती म्हणाली. "सगळे तुझ्याकडेच बघतायत."