उजव्या काचेवर कुणी रुजेना

दोन्ही हातांत पेशींच्या बशा, म्हणून तिनं प्रयोगशाळेचं दार कोपरानं ढकललं... आणि दारापलीकडच्या माणसाच्या काचा खळ्‌कन खाली आल्या.

“अगं बाई — किती फुटल्या?”

“दोनच. माणूस शाबूत आहे,” तो तुकडे वेचत म्हणाला.

तो काचांवर रेणूंचा लेप चढवायचा, म्हणून सगळे त्याला लेपवाला म्हणत. ती त्या काचांवर पेशी वाढवायची. त्याचे रेणू जोडीजोडीचे, एक डावा, एक उजवा. आरशातल्यासारखे, सगळं तेच, वळण तेवढं उलटं. डाव्या काचेवर पेशी पाय पसरून संसार मांडायच्या, उजवीवर टेकायच्यासुद्धा नाहीत.

“यांना कळतं तरी कसं हो?”

“डावी चप्पल उजव्या पायात घालून बघा.”

“नखरेल आहेत मेल्या.”

“तुमच्या हाताखाली वाढल्यात ना...”

ती हसली, नि हसता हसता गुंतली. त्याच्या नव्या लेपानं उजवीवर पेशी रुजल्या, तर त्याची नेमणूक वाढणार होती. नाहीतर समुद्रापारचा त्याच्या मामांचा काचकारखाना. आणि तिचे वडील अंथरुणाला खिळलेले. तिचा पाय घरातून निघणं शक्य नव्हतं.

एका सकाळी उजव्या काचेवर पेशी पसरलेल्या दिसल्या. दाट, निवांत. तो सूक्ष्मदर्शकावरून उठला आणि तिच्याकडेच बघत राहिला.

“राहतोय मी,” तो म्हणाला. “तुझ्यासाठी.” त्या दिवशी पहिल्यांदा ‘तू’ आलं.

दुपारी बाटल्या आवरताना तिनं एक बाटली उजेडात धरली. सीरमची, पेशींच्या खुराकाची. अर्धी. रोजच्या सवयीनं तिनं पेशींना सुरुवातीलाच सीरम पाजलं होतं! त्याचा चिकट थर काचेवर बसला की खालचं डावं-उजवं पेशींना कळतच नाही. या प्रयोगात आधी सीरमशिवाय, कोरं टेकवायचं, मग पाजायचं, हाच तर नियम.

गप्प बसली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. पण हाच लेप उद्या कुणाच्या मोडक्या हाडात बसणार होता... तिनं सांगून टाकलं. तो बराच वेळ हात पुसत राहिला, कोरडेच होते.

“पुन्हा लावू,” म्हणाला. “या खेपेला कोरं.”

दुसऱ्या दिवशी दोघं शेजारी बसले. तिनं काच या काठापासून त्या काठापर्यंत सरकवली. गोल गोल पेशी पाण्यावर तरंगत होत्या, पोरक्या.

“एखादी तरी?”

“एकही नाही रे.”

काचेला हलका धक्का लागला, तशा सगळ्या एका बाजूला वाहत गेल्या.

“मी राहा म्हटलं, तर...”

“काही होणार नाही. तरी म्हण.”

“राहा.”

“पुन्हा म्हण.”

तिनं पुन्हा म्हटलं. त्यानं डोळे मिटून ऐकलं, आणि मग उठून खुंटीवरचा कोट काढला.