पंधरापटीतला मेंढा

रानमेंढ्याच्या शिकारीचा परवाना आमच्या नेवाडात आयुष्यात एकदा मिळाला तर मिळतो. माझा धाकटा भाऊ पेयो केस पिकेपर्यंत अर्ज करत राहिला, तेव्हा कुठे या सप्टेंबरात त्याचं नाव निघालं. म्हणून आम्ही तिघं डोंगरात शिरलो होतो: पेयो, मी आणि माझा नवरा शाबी. आज परवान्याचा शेवटचा दिवस, आणि अजून एक शिंगही नजरेला पडलं नव्हतं!

सकाळीच शाबी एकटा दरीपलीकडच्या कड्यामागे गेला होता, मेंढे आमच्या बाजूला वळवायला. दुपारी वरच्या टोकावरून हात करणार होता, पण तो काही दिसला नाही. बसला असेल सावलीत चोरिझोचं सॉसेज खात, असं म्हणून पेयोने विषय संपवला.

पेयोने खास या शिकारीसाठी पंधरापटीची दुर्बीण आणली होती, तिपाईवर बसवायची. माझी आठपटीची बघून म्हणे, हिच्यातून नाटकं बघ! मी त्याला परोपरीने सांगितलं की बाबा रे, मोकळ्या रानात मोठी दुर्बीण सकाळी ठीक. ऊन चढलं की ती तापल्या हवेची थरथरसुद्धा पंधरापट करते. पण ऐकेल तर तो पेयो कसला!

"सापडला," तो कुजबुजला.

मी त्याच्या दुर्बिणीला डोळा लावला आणि अंगावर सर्रकन काटा आला. पलीकडच्या उतारावर मातकट रंगाचं धूड बसलं होतं, जमिनीपासून वीतभर अधांतरी. डोक्याभोवती शिंगाचा वेढा. मधेच ते वितळायचं, त्याची दोन डोकी व्हायची, पुन्हा एक. ते रवंथ करत नव्हतं, कान हलवत नव्हतं. नुसतं आमच्याकडे बघत होतं.

तेवढ्यात आमच्या पाठीमागून किंकाळी आली. लांबलचक, घोगरी, शेवटी फाटलेली. मी गर्रकन वळले. मागे नुसता उघडा कडा, चिटपाखरू नाही! पेयोने मान वळवली नाही. त्याने बंदुकीत काडतूस सारलं.

इतक्या लांबून मारू नये, असं मी त्याला बजावलं. पण पुढे कडा तुटलेला होता, जवळ जायला फार वेळ लागला असता आणि ऊन कलत होतं. उद्या परवाना म्हणजे नुसता कागद, एवढंच तो म्हणाला.

मला राहवेना. मी माझी दुर्बीण उचलली. तिच्यात मेंढा मोहरीएवढा होता, पण स्थिर होता. आणि त्याच्याभोवतीचा अख्खा उतार एका नजरेत दिसत होता. माथ्यापासून दगड घसरल्याचा ताजा पांढरा ओरखडा थेट खाली आला होता आणि त्या मोहरीपाशी संपला होता. ओरखड्याच्या मधोमध निळा ठिपका. शाबीची पिशवी निळी!

मी बंदुकीवर झेप घेतली. नळी वर उडाली. गोळी आभाळात गेली! आवाज कड्याकड्यांवरून फिरत राहिला. आणि त्या मेंढ्याने डोक्यावरचं शिंग उचललं, सावकाश हलवलं. तो हात होता.

दरी उतरून, दोराला लोंबकळत आम्ही वर पोचलो तेव्हा ऊन फक्त डोंगरमाथ्यांवर उरलं होतं. धुळीने माखलेला शाबी पडून होता. पाय मोडलेला, घसा बसलेला. त्याची हाक आमच्या मागच्या कड्यावर आपटून आम्हाला पाठीमागून ऐकू आली होती. मी त्याला शिव्या दिल्या आणि ढसाढसा रडले. पेयोने तिपाईचे पाय मोडून त्याच्या नडगीला बांधले.

तेवढ्यात वरून खडे घरंगळले. हाकेच्या अंतरावर रानमेंढा उभा होता. खराखुरा, भरदार! अजून उजेड होता.

"मार की," शाबी खरखरला. "मी कुठे पळून जातोय?"

पेयोची बंदूक खांद्यावरच राहिली.

"मघाशी मी तुझी शिंगं मोजत होतो रे," तो म्हणाला.

मग त्याने काडतुसं काढून खिशात टाकली आणि शाबीच्या बगलेखाली खांदा दिला. आम्ही उतरू लागलो. वरच्या कडेने खुरांचा आवाज कितीतरी वेळ आमच्या बरोबरीने येत होता. कोणीच मान वर केली नाही.