लाल खंड्या कोणी कोणी पाहिला?

त्या दिवशी माझ्या हातात काचेच्या बांगड्या नसत्या, तर अंबरीष माझ्यावर खेकसला नसता. आणि तो खेकसला नसता, तर आमची ओळखच झाली नसती. म्हणून मी त्या बांगड्यांची जन्माची ऋणी आहे.

१९९६ चा मे सरत आला होता. जपानमधल्या सेंदाईत माझी बहीण सुलेखाताई बाळंत झाली होती आणि तिच्या मदतीला मी पुण्याहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आले होते. बाळाच्या बारशाला ताईनं हौसेनं मलाही हिरव्या बांगड्या घालायला लावल्या होत्या, त्या हातात तशाच राहिल्या. एका रविवारी "जा गं ईश्वरी, जरा हवा खाऊन ये," म्हणत तिनं मला घराबाहेर पिटाळलं. समोर आली त्या बसमध्ये मी बसले ती थेट शेवटच्या स्टॉपवर उतरले.

तिथं एक जुनं लाकडी फाटक सताड उघडं होतं. आत गुडघाभर गवत, जुन्या भातखाचरांत साचलेलं पाणी, मनाला येईल तशी वाढलेली तुतीची झाडं. पाऊस भुरभुरायला लागला. मी छत्री उघडली… बांगड्या खळकन वाजल्या, आणि पाण्याकाठच्या फांदीवरून काहीतरी भर्रकन उडून गेलं.

त्यासरशी बोरूच्या बेटातून एक तरुण उठला. गळ्यात दुर्बीण, केसांत गवताच्या काड्या. जपानीत तो माझ्यावर असा काही बरसला, की शब्द एकही कळला नाही, पण अर्थ सगळा पोचला.

"मेल्याला बोलायची काही रीत?" मी पुटपुटले.

तो थबकला. "मेलो नाहीये अजून," तो चक्क मराठीत म्हणाला, "पण तुमच्या बांगड्यांनी तयारी पूर्ण केली होती."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मग तोच आधी हसला.

तो अंबरीष. मूळचा साताऱ्याचा, इथल्या विद्यापीठात पाणथळ जमिनींवर संशोधन करणारा. ती सगळी इस्टेट किकुची-सान नावाच्या आजींची होती. नवरा गेल्यावर त्यांनी माळ्यांना रजा दिली, ओढ्याचा बांध फोडला आणि पिढीजात शेताबागेला जणू सांगून टाकलं, आता तुझं तू बघ. हळूहळू तिथं रान झालं आणि कधीचे निघून गेलेले पक्षी परत आले.

दर रविवारी काही पक्षीवेडे तिथं जमत. शेवटी सगळे व्हरांड्यात जवाचा गार चहा पीत बसत आणि 'तोरिआवासे' होई. म्हणजे पक्ष्यांची हजेरीच म्हणा ना! किकुची-सान एकेका पक्ष्याचं नाव घेत आणि ज्यानं तो पाहिला असेल त्यानं हात वर करायचा. फक्त स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला. तपासायला कोणी नसे, पण खोटा हात कधी वर जात नसे. त्या नियमाचे मी आजही मनोमन आभार मानते.

अंबरीषला हवा होता लाल खंड्या. पावसात शीळ घालणारा तो लाजरा पक्षी त्यानं कित्येकदा ऐकला होता, पण एकदाही पाहिला नव्हता.

"पुढच्या रविवारी याल?" निघताना त्यानं विचारलं.

"बांगड्या घरी ठेवून?"

"छे, काढू नका. छान दिसतात." एवढं बोलून तोच गोरामोरा झाला. मग खिशातून रुमाल काढून त्यानं माझ्या बांगड्यांभोवती हलकेच गुंडाळला, गाठ मारली. "हं… आता हलवा हात."

आवाज आला नाही. माझ्या छातीत चाललेली धडधड त्याला ऐकू गेली नसावी, अशी आपली माझी आशा.

मग मी दर रविवारी गेले, मनगटाला तोच रुमाल बांधून. अंबरीष अखंड बोलायचा… बगळ्यांबद्दल, बदकांबद्दल, बेडकांबद्दलसुद्धा! आमच्याबद्दल मात्र एक अक्षर नाही. बघता बघता जूनचा शेवटचा रविवार उजाडला. शुक्रवारी माझं परतीचं विमान होतं, आणि पुण्यात बाबांनी एका मुलाला कांदेपोह्यांना बोलावून ठेवलं होतं. दोन्ही गोष्टी मी अंबरीषच्या कानावर घातल्या होत्या. हा माणूस आजही बेडकांवरच थांबला, तर मी काय करणार होते?

पाऊस संथ पडत होता. आम्ही सगळे तळ्याकाठी दबा धरून बसलो होतो. अचानक ती शीळ आली, वरून खाली घरंगळत… आणि समोरच्या वाकलेल्या फांदीवर तो येऊन बसला. चोचीपासून पायांपर्यंत लाल, कुंकवाच्या करंड्यात बुडवून काढल्यासारखा. त्यानं मान वळवली, पाण्यात झेप घेतली आणि दिसेनासा झाला.

भरल्या डोळ्यांनी मी वळले. अंबरीष माझ्याकडेच बघत होता. दुर्बीण त्याच्या गळ्यात तशीच लोंबत होती.

व्हरांड्यात किकुची-साननी लाल खंड्याचं नाव मुद्दाम शेवटी घेतलं. "अकाशोबिन!"

सगळे हात वर गेले. माझाही. अंबरीषचा मात्र मांडीवरच राहिला.

"अंबरीष-सान?" किकुची-सान चकित झाल्या. त्यानं मान खाली घालून जपानीत काहीतरी सांगितलं. कोणीतरी टाळी वाजवली, किकुची-सान तोंडावर हात ठेवून हसल्या. कळलं नाही ते मला एकटीलाच.

"काय म्हणालात?"

"इथं खरं सांगायचा नियम आहे," तो कानापर्यंत लाल होत म्हणाला. "म्हटलं, पक्षी आला तेव्हा मी ईश्वरी-सानकडे बघत होतो."

"अहो, एवढी वाट पाहिलीत त्याची!"

"तो पुढच्या उन्हाळ्यात परत येईल. तू… तू शुक्रवारी चाललीस."

तू! किती बरं वाटलं ते ऐकून, काय सांगू!

"पुण्यात एकजण पोहे खायला येणार आहे," मी कशीबशी म्हणाले.

"त्याला पोहे खाऊ दे. उत्तर मला दे." मग त्याचा आवाज एकदम हळवा झाला. "मला तू आवडतेस, ईश्वरी. घरी सांगून परत ये… माझ्याशी लग्न करून. येशील?"

मी मनगटावरच्या रुमालाची गाठ सोडली आणि हात वर केला, जाईल तितका उंच. बांगड्या खळखळ वाजल्या. तळ्यातल्या बदकांची जोडी दचकून उडाली.

या वेळी अंबरीष खेकसला नाही.