चियोचा वाटा

"डबा काल चोरीला गेला आणि आज परत आला," फुसाए म्हणाली. "पोलीस हसले मला."

जपानमधल्या कावानेच्या डोंगरात चौऱ्याहत्तर वर्षांची फुसाए चहाचा मळा एकटी सांभाळत होती. पहिल्या खुडणीचा हा डबा उद्या स्पर्धेला जायचा होता. यंदा नंबर आला नाही तर मळा सोडायचा आणि शहरातल्या वृद्धाश्रमात जायचं, असं तिने ठरवलं होतं.

गुप्तहेर मिनेगिशीबाईंनी झाकण उघडून वास घेतला. चंदनाचा बारीक वास होता. मग डबा तराजूवर ठेवला. एका किटलीपुरती पत्ती कमी भरली.

"कोठीत उदबत्ती लावता?"

"चहाच्या कोठीत? बाई, मी इथे मासळीसुद्धा आणत नाही. चहा लगेच वास उचलतो."

"कुलूप असतं?"

"कोठीला नाही. घराला मात्र आतून कडी. माझी धाकटी बहीण चियो गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून कुणीही दार वाजवलं तरी मी उघडत नाही."

मदतनीस ताकुरोने वहीत 'शेजारी' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

शेजारी मोरिवाकी तीन वर्षं स्पर्धेत फुसाएच्या मागे दुसरा येत होता.

"लिहा, मीच चोर!" तो ताकुरोवर खेकसला. "अहो, खुडणी संपेस्तोवर मी तंबाखू बंद ठेवतो, बायकोला उदबत्ती लावू देत नाही. आणि डबा ढापला असता तर परत ठेवला असता का? नदीत नसता फेकला?"

नदीपलीकडे चियोचा नवरा इवाओ राहत होता, रेल्वेतला निवृत्त गार्ड. घरात फक्त घड्याळाचा आवाज होता. चियोच्या फोटोपुढे उदबत्ती जळत होती. त्याने पत्तीवर उकळतं पाणी ओतून पाहुण्यांना चहा दिला. तो कडूजहर झाला होता.

"फुसाएताईंकडे जाणं होतं?"

"दोनदा गेलो होतो," एवढंच तो म्हणाला.

संध्याकाळी मिनेगिशीबाईंनी दोघांनाही फुसाएच्या स्वयंपाकघरात बोलावलं.

"मोरिवाकीच ना?" ताकुरो कुजबुजला.

"चोर चहावाला नाहीच," बाई म्हणाल्या. "चहावाला उघडा डबा उदबत्तीपाशी नेणार नाही. नासवायचाच असता तर डबा परत आला नसता. नेणाऱ्याला एका किटलीपुरतीच पत्ती हवी होती, आणि बाकीचा चहा ठीक आहे असं त्याला खरंच वाटलं. चांगल्या पत्तीवर उकळतं पाणी ओतून ती कडू करणाऱ्यालाच असं वाटू शकतं."

इवाओने मान खाली घातली. "दरवर्षी माहेरचा पहिला चहा तिला यायचा. यंदा आला नाही. तिला एक कप करून ठेवला. डबाही दिवसभर तिच्यापुढे उघडा ठेवला. म्हटलं, वास तरी घेऊ दे."

"मग मागायचा होतास!"

"दोनदा आलो, ताई. तुम्ही कडी काढली नाहीत."

फुसाएने दाराच्या कडीकडे पाहिलं. दोन्ही वेळा ती दारामागेच श्वास रोखून उभी होती. वर्षभर ती एकटेपणाला रडत होती, आणि कडी तिनेच लावली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

डबा आता स्पर्धेला जाणार नव्हता. तिने पाणी तापवलं, कोमट होऊ दिलं आणि त्याच डब्यातली पत्ती घातली. कपांतून चंदनाचा वास आला. तरी सगळ्यांनी चहा संपवला, मोरिवाकीनेसुद्धा.

"माझ्यामुळे आता मळा सोडणार तुम्ही," इवाओ म्हणाला.

"सोडून कसं चालेल? पुढच्या वर्षी चियोला चहा कोण पाठवणार?" फुसाएने डोळे पुसले. "दारातून ये आणि हक्काने ने. फक्त झाकण लावून ठेव, गाढवा."